मुठीची ओळख

पिस्तुलाच्या नोंदीत लिहिलं होतं, की गोळी दिगंबर शेडगेने झाडली. तारीख नऊ ऑगस्ट, वेळ सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटं, मूठ दिगंबर बाबुराव शेडगे, जुळणी एक्क्याण्णव टक्के. आणि पिस्तुलाची नोंद खोटं बोलत नाही असं कायद्यातच लिहून ठेवलेलं असल्यामुळे इन्स्पेक्टरसाहेबांनी फार प्रश्न विचारले नाहीत.

“हवालदार, नोंद तुमच्या नावाची आहे. वेगळं काही सांगायचंय?”

“न्हाई साहेब,” दिगंबर म्हणाला. “पट्ट्यातनं काढताना सुटली. माझ्याच हातनं.”

पूर्वी असल्या प्रकरणात हातावर उडालेली बंदुकीची दारू तपासत, बोटांचे ठसे घेत, गोळी कुठून कशी आली याची दोरी लावून मापं काढत. आता ती तसदी कोण घेतो? यंत्र बोललं की पोलिसांचं निम्मं काम होतं, आणि निम्मं काम आपोआप झालेला माणूस उरलेल्या निम्म्याच्या वाटेला सहसा जात नाही. साहेबांनी जबाब वाचून दाखवला, दिगंबरने सही केली.

खरं एवढंच होतं, की अकरा वाजून सतरा मिनिटांनी शाळेचा रक्षक दिगंबर शेडगे फाटकाजवळच्या आपल्या केबिनमागे, मोरीत तोंड धूत होता.

तो टॉवेल शोधत होता आणि आवाज आला. एकवीस वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला तो आवाज कशाचा हे सांगावं लागत नाही. तो ओल्या तोंडाने बाहेर आला. शर्वरी, त्याची एकुलती एक मुलगी, टेबलापाशी उभी होती आणि तिच्या उजव्या हातात त्याचं पिस्तूल होतं. वेदिका भिलारे, तिची पहिलीपासूनची मैत्रीण, पाण्याच्या पिंपाशेजारी पडली होती. पिस्तुलाच्या मुठीवरचा बारीक दिवा हिरवा होता. हिरवा दिवा म्हणजे मुठीतल्या कुलपाने मालक ओळखला. त्या हातात तो दिवा हिरवा असणं शक्यच नव्हतं.

दिगंबरने आधी पिस्तूल काढून घेतलं. मग मुलीचे खांदे धरले. “तू काय केलं न्हाईस. माझ्या हातनं सुटली. काय सांगायचं? पप्पांच्या हातनं सुटली.” हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतल्यावर तो वेदिकाची नाडी बघायला वाकला. नाडी लागत नव्हती. आधी वाकलो असतो तर लागली असती का, हे त्याने त्यानंतर रोज स्वतःला विचारलं.

एवढी घाई त्याला का झाली, हे समजायला तो कायदा समजला पाहिजे. नऊएक वर्षांपूर्वी घरच्या घरी बंदुका छापणारी यंत्रं स्वस्त झाली, आणि एका हिवाळ्यात देशातल्या तीन शाळांत मिळून एकेचाळीस मुलं मारली गेली. मारणारीही मुलंच होती. मग संसदेत रात्रंदिवस बसून कायदा झाला. छपाईची यंत्रं परवान्याखाली आली. पाचशेच्या वर पट असलेल्या प्रत्येक शाळेत एक सशस्त्र रक्षक आला, तोही माजी सैनिक. प्रत्येक परवान्याच्या शस्त्राला मुठीचं कुलूप बसलं, म्हणजे ज्याच्या नावाचं शस्त्र त्याच्याच हातात ते चालणार, दुसऱ्याच्या हातात नुसतं लोखंड. आणि आलं कलम नऊ. शाळेच्या आवारात मालकाच्या हातून चुकून गोळी सुटली तर पाच वर्षं. परक्या हाताने सुटली, तर तो हात पंधरा वर्षांच्या मुलाचा असला तरी जन्मठेप, आणि हेतू काय होता हे विचारायचंच नाही. एकेचाळीस लहान तिरड्या पाहिलेल्या लोकांनी केलेला कायदा होता तो. त्यात दयेला जागा ठेवायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्या वेळी दिगंबरलाही ते बरोबरच वाटलं होतं.

शर्वरीला जूनमध्ये पंधरा पूर्ण झाली होती.

शस्त्र ठेवायच्या जागी कॅमेरा नसावा, असाही एक नियम होता, त्यामुळे केबिनमधलं कुणी काही पाहिलेलं नव्हतं. मोरीत जाताना पिस्तूल टेबलावर काढून ठेवणं नियमात बसत नव्हतं. पण कुलूप आल्यापासून जिल्ह्यातला प्रत्येक रक्षक ते काढून ठेवत होता. आणि मुलांना त्या पिस्तुलाची भीती वाटत नव्हती, कारण ती वाटू नये याची शाळेनेच व्यवस्था केली होती. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरक्षा दिन व्हायचा. हवालदारकाका स्टेजवर यायचे, मॅगझिन काढून पिस्तूल समोरच्या एखाद्या मुलाच्या हातात द्यायचे. तो चाप ओढायचा. चाप जागचा हलायचा नाही, दिवा लाल लागायचा आणि सगळी शाळा टाळ्या वाजवायची. आठ वर्षांत आठ मुलं झाली, आठही वेळा लाल. शर्वरी एकदा हात वर करून उभी राहिली होती, तेव्हा मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या होत्या, “तुमची मुलगी नको हं हवालदार, लोक म्हणतील ठरवून केलंय.”

पाच आठवड्यांनी जामीन झाला आणि दिगंबर घरी आला. तालुक्याच्या गावातलं दोन खोल्यांचं घर, पण त्यात आता तिघांना तोंडं लपवायला जागा पुरत नव्हती. शर्वरी शाळेत जात नव्हती. ती जेवायची ते डाव्या हातात चमचा धरून. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला असायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हाताला काही झालेलं नाही.

“धक्का बसलाय तिला, मैत्रिणीचा,” सुवर्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दिगंबरची बायको तशी हळवी होती, सिरियल बघतानाही डोळे पुसणारी. पण नऊ ऑगस्टपासून ती रडलेली कुणी पाहिली नाही. तिने हिशेब पक्का केला होता. “पाच वर्षं,” ती दिगंबरला म्हणाली होती. “मी काढीन कशी बी. पोरगी वीस वर्षांची हुईल, तवर तुमी बाहेर. आता ह्याच्यात एक शबुद इकडचा तिकडं करायचा न्हाई.”

एक दिवस वेदिकाची आई आली. दिगंबर आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसून राहिला. भिलारेबाई उंबऱ्यातच थांबल्या, आत आल्या नाहीत. त्यांनी सुवर्णाच्या हातात वह्यांचा गठ्ठा दिला. “वेदूच्या नोट्स आहेत. शरूचं दहावीचं वर्ष, बुडायला नको. तिचा काय दोष?” जाताना त्या म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांनी मुद्दाम केलं नाही, हे आम्हाला कळतं.” गठ्ठा शर्वरीच्या टेबलावर गेला आणि कुणी न उघडता तिथे राहिला.

नवरात्र बसलं, आणि तिसऱ्या दिवशी पुण्याहून नूपुर कारखानीस आली. शस्त्रकुलपं तपासणाऱ्या सरकारी केंद्रात ती अधिकारी होती, तिशीची असेल. तिने सोबत आणलेली पेटी उघडली. आत त्याच बनावटीची एक सुटी मूठ होती, वर पिस्तूल नव्हतं. “घाबरू नका शेडगेकाका, नुसती मूठ आहे. धरा.”

दिगंबरने धरली. तिच्या टॅबवर आकडा आला, अठ्ठ्याण्णव. तिने दहा वेळा धरायला लावली, उभ्याने, बसून, डोळे मिटून. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

“आठ वर्षांत तुमची जुळणी शहाण्णवच्या खाली कधी गेली नाही,” ती म्हणाली. “नऊ ऑगस्टलाच एक्क्याण्णव का?”

“घाबरलो आसंन.”

“सुटायच्या आधीच?” तिने आवाज चढवला नव्हता. गणित सुटत नसल्यासारखी ती मुठीकडे बघत होती. “हे कुलूप हाताला कसं ओळखतं, कुणी सांगितलंय तुम्हाला? ठशांवरून नाही. मुठीत चौसष्ट ठिकाणी दाब मोजला जातो, बोटं किती लांब, कुठे किती जोर. पण मुख्य म्हणजे थरथर. माणसाचा हात पूर्ण स्थिर कधीच नसतो. सेकंदाला दहाएक वेळा स्नायू थरथरतात, डोळ्याला दिसत नाही. आणि प्रत्येकाची थरथर वेगळी, आवाज वेगळा असतो ना, तशी.”

“आन् म्हातारपणी हात कापाया लागला, मग?”

“बरोबर विचारलंत. पहिली कुलपं तिथेच फसली. कुणाला संधिवात झाला, कुणाचं बोट मोडलं, की कुलूप म्हणायचं, हा माझा मालक नव्हे. म्हणून मग शिकणारं कुलूप केलं. मालकाचा हात नक्की ओळखू आला, की त्या हातात आज जे काही नवं दिसतंय ते कुलूप थोडं शिकून घेतं. त्याला वाटतं, मालक बदलतोय, आपणही बदलू. जितका वेळ धराल तितकं जास्त शिकतं.” तिने टॅब त्याच्यापुढे केला. चौसष्ट ठिपक्यांचं चित्र होतं, खालचे सगळे ठिपके काळे. “ही नऊ ऑगस्टची मूठ. करंगळी खालपर्यंत पोचलेलीच नाही. तुमची तर पोचते. थरथर तुमच्यासारखी आहे, पण बारीक आहे, लवकर लवकर येते.”

शर्वरी चहा घेऊन आली. दोन कप, दोन खेपा, डाव्या हाताने. नूपुरने कपाकडे पाहिलं, मग ओढणीत गुंडाळलेल्या हाताकडे, आणि मुलगी आत जाईपर्यंत ती काही बोलली नाही.

“काका, मी पोलीस नाही,” ती मग म्हणाली. “कुणाला पकडायला आले नाही. देशात अशी चार लाख कुलपं आहेत. त्यातल्या एकाने दुसरा हात शिकला असेल, तर तो कसा शिकला ते मला कळायला हवं. कारण सापडलं तर एका आज्ञेत सगळी बंद पाडता येतात, मालकाच्याही हातात उघडणार नाहीत. कारणाशिवाय मला तसं कुणी करू देणार नाही. कंपनी म्हणते, मालक घाबरला होता, फाइल मिटवा. शुक्रवारी मला अहवाल द्यायचाय.” तिने टॅब परत घेतला. “तुमचा हात मुठीवर असताना कुणी कधी ते पिस्तूल धरलंय? दोघांनी मिळून?”

दिगंबरच्या हातातला चहा निवला. दोन महिने तो स्वतःला विचारत होता की दिवा हिरवा कसा लागला, आणि उत्तर असं समोर येऊन बसलं होतं.

मोहटवाडी हे त्याचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत, आणि निवृत्त झाला की कुठल्यातरी शाळेच्या फाटकावर, असं ते गाव. खंडेनवमीला सगळीकडे शस्त्रांची, अवजारांची पूजा होते तशी तिथेही होते, पण मोहटवाडीची रीत जरा निराळी. शस्त्र पाटावर मांडायचं ते घरातल्या सगळ्यात लहान हाताने. लहान हात खाली, त्यावर शिपायाचा हात, आणि आरती संपेपर्यंत दोघांनी मिळून शस्त्र उचलून धरायचं. आधी तलवारी होत्या, मग बारा बोअरच्या बंदुका आल्या, मग ही कुलपाची पिस्तुलं. सुट्टीत रक्षकाने पिस्तूल घरच्या कपाटात ठेवायचं असल्यामुळे दसऱ्याला ती गावात यायचीच. कुलूप बंद ठेवून पूजा करणं जुन्या लोकांना पटलं नाही. झोपलेल्या शस्त्राला काय ओवाळायचं? म्हणून मॅगझिन काढायचं, पण दिवा हिरवा ठेवायचा, असं ठरलं.

पहिल्या वर्षी शर्वरी सात वर्षांची होती. चुलत्यांनी नाकं मुरडली, पोरीच्या हातात शस्त्र देतोस म्हणून. “माझ्या घरात ल्हान हात तिचाच हाय,” दिगंबर म्हणाला होता, आणि तेव्हा त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. तिचा हात आत, त्याचा वरून. आरत्या पाच. असं आठ वर्षं. कुलपाला बिचाऱ्याला काय कळणार? मालकाचा हात तर नक्की होता, आणि त्याच मुठीत आणखी काहीतरी मऊ, बारीक थरथरणारं होतं. त्याने ते मालकाचंच समजून जपून ठेवलं. आणि तिच्या हाताची हाडं तर मुळात त्याच्याच वळणाची.

“न्हाई,” दिगंबर म्हणाला. “कुणीच न्हाई धरलं.”

नूपुरने पेटी मिटली आणि टेबलावर आपला नंबर लिहून ठेवला.

अष्टमीला सकाळी मोहटवाडीहून आबाचा फोन आला. आबा त्याचा चुलतभाऊ, तोही पलटणीतला, साताऱ्याकडच्या एका शाळेवर रक्षक. एकुलता एक मुलगा शौर्य, अकरा वर्षांचा.

“दिगू, उद्या येतूस का? तुझं पिस्तूल न्हाई म्हून काय झालं, माझ्या पाटावर बस की. औंदा सदतीस हत्यारं हायती गावात.”

दिगंबरने घसा साफ केला. “आबा, औंदा पोराच्या हातात दिऊ नगंस.”

“का रं?”

“न्हाई… नगं दिऊ. माझ्यासाठी.”

आबाला वाटलं, भावाच्या मनाला लागलंय. त्याचा आवाज मऊ झाला. “तुझ्या बाबतीत झालं ते झालं. पर आज्ज्याच्या वक्तापासनची रीत हाय, ती मोडून कसं चालंल? आन् आता कुलूप हाय, पोरास्नी कशाचं भ्या? काल शौर्य आन् शेजारचं पोरगं खेळत हुतं की त्याच्यासंगं, लाल दिवा लागतुया का बघत.”

दिगंबर उठून उभा राहिला. “लागला का लाल?”

“आरं हसत हुती पोरं. कोण बघतंय?”

“मॅगझिन काढलं हुतं का?”

“कुलूप हाय की, लेका.”

“आबा, ते आत्ताच्या आत्ता ट्रंकंत टाक. मॅगझिन काढ आन् येगळं ठिव. माझ्या गळ्याची आन हाय तुला.”

“बरं बरं,” आबा म्हणाला. लहान मुलाचा हट्ट पुरवताना म्हणतात तसं ते बरं होतं, आणि दोघांनाही ते कळलं.

दिगंबर फोन घेऊन तसाच उभा राहिला. एका आबाला आन घालता येते. सदतीस घरांना काय घालणार? आणि का म्हणून विचारलं तर काय सांगणार? जे सांगायचं ते सांगितलं की पहिलं बोट त्याच्याच घरातल्या लहान हाताकडे वळणार होतं. सुट्ट्या लागल्या होत्या. पिस्तुलं घरोघर पोचली होती.

“मी त्या मॅडमला फोन लावतुया,” तो म्हणाला.

सुवर्णा भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सरकवलं आणि दाराला आडवी येऊन उभी राहिली. “पाच वर्षं न्हाईत ती. जन्म हाय. पंधरा वर्षांची हाय ती. तुमाला कळतंय का तुमी काय बोलताय?”

“कळतंय.”

“दुसऱ्याच्या पोरांसाठनं माझी पोर देताय तुमी.”

“वेदिका बी दुसऱ्याचीच हुती,” दिगंबर म्हणाला.

सुवर्णाने त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हात तिथेच राहिले. त्याने तिला धरलं नाही. तिला धरायचा हक्क आपल्याला उरला नाही असं त्याला वाटलं.

“शौर्यचा पण लाल लागणार नाही ना, पप्पा?”

शर्वरी आतल्या दारात उभी होती. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण बरंच ऐकलं असणार. नूपुर आली त्या दिवशीही पडद्याआड कोण उभं होतं हे दिगंबरला आत्ता उमगलं.

“तू आत जा,” सुवर्णा म्हणाली.

“पूजेमुळे ना? आपण दोघं धरायचो, त्याने.” ती खाली बसली आणि जमिनीकडे बघत बोलू लागली. दोन महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. “आमचं भांडण झालं होतं. वेदूने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं, शरूचे पप्पा खेळण्यातली बंदूक घेऊन बसतात. मी तिला दाखवायला केबिनमध्ये आणलं. ती म्हणाली, दाब ना, लाल लागेल, स्टेजवर लागतो तसा. मला पण माहीत होतं लाल लागेल. मला खूप राग आला होता, पप्पा. लाल लागणार हे माहीत होतं म्हणून मी सगळा राग काढला. तिच्याकडे धरलं आणि जोरात दाबलं. दिव्याकडे मी बघितलंच नाही.”

दिगंबर तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“वेदूच्या वह्या तिथेच आहेत,” शर्वरी म्हणाली. “मला त्या उघडता येत नाहीत. तुम्ही जेलमध्ये गेलात तरी मला त्या उघडता येणार नाहीत. तुम्ही फोन नाही केला तर मी करीन. नंबर पाठ आहे मला.”

सुवर्णा खाली बसली. आता ती रडली, ऑगस्टपासूनचं सगळं. मुलीला कुशीत घेऊन ती म्हणत राहिली, “किती शानी झालीस गं, कशाला एवढी शानी झालीस.” दिगंबरने मोरीत जाऊन फोन लावला.

खंडेनवमीला पहाटे सुवर्णाने शर्वरीला न्हाऊ घातलं आणि तिच्या दोन वेण्या घातल्या, शाळेत जाताना घालायची तशा. मग तिघं पुण्याला निघाली.

केंद्रातही पूजा झाली होती. तिथल्या मोजमापाच्या यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या, स्क्रीनच्या कडेला हळदकुंकवाची बोटं उमटली होती. यंत्रांच्या कारागिरांनी यंत्रांना हात जोडायचे, ही रीत पुण्यातही सुटलेली नव्हती. नूपुरने इन्स्पेक्टरसाहेबांना आणि एका वकीलबाईंना बोलावून घेतलं होतं. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. “अजूनही नाही म्हणता येईल,” ती शर्वरीला म्हणाली. “एकदा धरलंस, की माझ्या हातात काही राहणार नाही. समजतंय ना?”

“हो,” शर्वरी म्हणाली.

मोहरबंद पिशवीतून ते पिस्तूल निघालं. आत मॅगझिन नव्हतं, नळी रिकामी होती, वकीलबाईंनी स्वतः पाहून खात्री केली. शर्वरीने ओढणी सोडली. दोन महिने झाकून ठेवलेला हात पांढरा पडला होता. तिने तो पुढे केला आणि मूठ धरली.

दिगंबर तिच्या मागे उभा होता. आठ वर्षांच्या सवयीने त्याचा हात उचलला गेला, वरून धरायला, आणि अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने तो मागे घेतला.

दिवा हिरवा लागला.

भिंतीवरच्या स्क्रीनवर अक्षरं आली. नमस्कार, दिगंबर बाबुराव शेडगे. जुळणी ब्याण्णव टक्के. दोन महिन्यांत तिचा हात आणखी थोडा वाढला होता, एवढाच फरक. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“सोड बाळा आता,” नूपुर म्हणाली. मग ती खुर्चीत बसली आणि तिने कारण लिहिलं, चार ओळींत. आज्ञा सुटायला सहा मिनिटं लागली. वरच्या दोन साहेबांना फोनवर ओरडून सांगावं लागलं, सहातली पाच मिनिटं त्यातच गेली.

दिगंबरच्या खिशातला फोन वाजला. आबा होता, वैतागलेला. “दिगू, काय झालंय रं? ऐन आरतीत दिवा लाल झाला. माझ्या हातात बी लाल. समद्या गावाची हत्यारं लाल पडलीती. पूजा आर्धीच ऱ्हायली. शौर्य रडतुया, हिरवा हुता की म्हणतुया.”

“कुणाच्या हातात हिरवा हुता?” दिगंबरने विचारलं.

आबा उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला असावा. पलीकडून नुसत्या टाळांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. दिगंबरने फोन बंद केला.

इन्स्पेक्टरसाहेबांनी नवा जबाब लिहायला घेतला होता. गोळी कुणी झाडली या रकान्यातलं जुनं नाव खोडून ते वर बघत थांबले. शर्वरीने आपलं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या वडिलांच्या नावासकट. सुवर्णा बाकावर बसून मुलीच्या वेणीचं टोक हातात धरून होती.

तेवढ्यात केंद्रातला शिपाई ताट घेऊन आला. म्हातारा माणूस होता, त्याला आत काय चाललंय याची कल्पना नव्हती. यंत्रांच्या नैवेद्याचा शिरा तो सगळ्यांना वाटत होता. नूपुरला दिला, वकीलबाईंना दिला, साहेबांना दिला, आणि शर्वरीपुढे येऊन थांबला. तिने डावा हात पुढे केला.

“डाव्या हातात प्रसाद घेत्यात का, पोरी?” तो म्हणाला.

शर्वरीने वडिलांकडे पाहिलं. मग तिने उजवा हात पुढे केला, त्याच्याखाली डावा धरला, आणि प्रसाद घेऊन खाल्ला.